पोहायला क्लब लागत नाही, पोलोला लागतो

प्रश्न असा आलाय की निपाणीच्या बाजूच्या एका पोहण्याच्या आणि वॉटर पोलोच्या (पाण्यात पोहत, हातानं चेंडू फेकून गोल करायचा खेळ) क्लबची स्मरणिका काढायचीय, पोलो तिथं अजून टिकलाय. नोंदणीच्या कागदावर एक साल आहे, टँकच्या पाटीवर दुसरंच, आणि जुनी माणसं म्हणतात दोन्ही बाजूला ठेवा, आम्ही त्याच्या आधीपासून खेळत होतो. तर सुरुवात कधीची धरायची, आणि एवढ्याशा गावात वॉटर पोलो आला तरी कुठनं.

मी त्याच पट्ट्यातला. विहिरीत शिकलो, पोलो खेळलो, मग पंच म्हणून शिट्टी गळ्यात घातली आणि आता बेळगावात पोरांना शिकवतोय, चाळीसेक वर्षं गेली पाण्यात. आसपासच्या दोन-तीन क्लबांचे जुने कागद चाळायचा योगही आला, बहुतेक वेळा स्मरणिकेच्या निमित्तानंच. माझं मत विचाराल तर तुमची जुनी माणसं बरोबर आहेत, पण ती ज्याला सुरुवात म्हणतात तीही थोडी तपासून घ्यावी लागेल.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. पोहायला क्लब लागत नाही. आपल्याकडं वेदगंगा आहे, दूधगंगा आहे, खाली चिकोडी-रायबागकडं कृष्णा, संकेश्वरला हिरण्यकेशी, खानापूरला मलप्रभा, आणि प्रत्येक मळ्यात एक विहीर. पोरगं सात-आठ वर्षांचं झालं की बाप नाहीतर चुलता पाठीला पत्र्याचा बंद डबा किंवा वाळलेला भोपळा बांधायचा, कमरेला दोरी, आणि द्यायचा ढकलून. चार-पाच दिवस गटांगळ्या खाल्ल्या की आठव्या दिवशी डबा सुटायचा. यात वर्गणी नाही, वेळ ठरलेली नाही, कुणी सेक्रेटरी नाही. शर्यत लावायची म्हटलं तरी दोघं पुरतात, एक काठावर उभा राहून बघतो, मिनिटभरात निकाल लागतो आणि सगळे भेळ खायला मोकळे.

पोलोचं तसं नाही. एका बाजूला सात, गोली म्हणजे गोलकीपर धरून, म्हणजे चौदा पोरं एकाच वेळी एकाच पाण्यात पाहिजेत. कुणीतरी वेळ ठरवायला लागतो. चेंडू कुणाच्या तरी घरी ठेवायला लागतो, तो फाटला की पैसे गोळा करायला लागतात, पैसे गोळा केले की कुणी दिले कुणी बुडवले हे लिहायला वही लागते, आणि भांडण झालं की निकाल द्यायला सगळ्यांना मान्य असलेला एक माणूस लागतो. हे सगळं जमलं की झाला की क्लब, कागद असो नसो. म्हणून मी कुठल्याही जुन्या माणसाला क्लब कधी सुरू झाला असं विचारतच नाही, मी विचारतो पहिला चेंडू कुणाच्या घरी असायचा. या प्रश्नावर माणूस जे बोलायला लागतो ना, ते टँकच्या पाटीवर कधीच सापडत नाही.

आता पोलो आला कुठनं. खेळ मूळचा ब्रिटनचा, १८७० च्या दशकात विल्यम विल्सन नावाच्या स्कॉटिश माणसानं त्याचे पहिले नियम बांधले, आणि १९०० पासून तो ऑलिंपिकमध्ये आहे. भारत १९४८ ला लंडनला आणि १९५२ ला हेलसिंकीला खेळलाय, आणि मधे १९५१ ला दिल्लीच्या पहिल्या आशियाई स्पर्धेत आपण पोलोचं सोनं मिळवलंय. त्याच स्पर्धेत सचिन नाग यांनी १०० मीटर फ्रीस्टाईल जिंकली आणि हेच नाग ४८ च्या ऑलिंपिकला पोलोही खेळले होते. म्हणजे त्या काळी पोहणारा वेगळा आणि पोलोवाला वेगळा असं फार नव्हतंच. पण हे सगळं मुंबई-कलकत्त्याचं. आपल्या पट्ट्यात तो दोन वाटांनी आला असं मी तरी ऐकत आलोय. एक म्हणजे फौजेतले जवान. बेळगावला मराठा लाइट इन्फंट्रीचं सेंटर १९२२ पासून आहे, सीमाभागातल्या गावागावातनं पोरं भरती झालेली, आणि फौजेत वॉटर पोलो जोरात. सुटीवर आलेला जवान विहिरीवर यायचा आणि पोरांना म्हणायचा नुसत्या उड्या काय मारताय, या जरा. दुसरी वाट मुंबईची, गिरणीत किंवा गोदीत कामाला गेलेला कुणीतरी गणपतीला गावी यायचा आणि तिथं पाहिलेलं इथं करून दाखवायचा. नियम अर्धे आठवणीतले, अर्धे मनाचे.

तो इथं का रुजला, याला मात्र माझ्याकडं धंद्यातलं कारण आहे आणि हे तुम्ही स्मरणिकेत जरूर लिहा. विहिरीत उथळ बाजू नसते. टँकमध्ये शिकणारं पोर पहिला महिना पाय टेकून उभं असतं, दमलं की उभं राहतं, नाहीतर पाइप धरतं. विहिरीत दमलात तर पाण्यातच उभं राहायचं, पायानं पाणी तुडवत, हात मोकळे. पायऱ्यांपर्यंत जायला मिळालं तर मिळालं, नाहीतर तिथं आधीच चार पोरं सूर मारायला उभी असतात. पोलोत नेमकं हेच लागतं. तळाला पाय लावायचा नाही हा खेळाचा पहिला नियम, चेंडू एका हातानं धरायचा आणि फेकायचा, दोन हातांची मुभा फक्त गोलीला त्याच्या गोलजवळ, आणि सगळा वेळ दोन्ही पाय आलटून पालटून आतल्या बाजूनं फिरवत छातीपर्यंत वर राहायचं. याला आता एगबीटर किक म्हणतात आणि मी पोरांना ती शिकवायला सहा-सहा महिने घालवतो. विहिरीतल्या पोरांना ती कच्ची का होईना यायचीच, फक्त तिला नाव नव्हतं. उलट शर्यतीत आम्ही मार खायचो. विहीर ती केवढी, पाच-सात हात मारले की समोरची भिंत, त्यामुळं लांब पल्ल्याचा दम नाही, वळणं येत नाहीत, डोकं वर काढून पोहायची सवय. बेळगावच्या टँकवर पहिल्यांदा ५० मीटरला उतरलो तेव्हा माझी लेन कुठली तेच मला मधे कळेना झालं, शेजारच्याच्या लेनमध्ये जाऊन धडकलो. पण पोलोला उतरलो की हीच टँकवाली पोरं दुसऱ्या मिनिटाला तोंड उघडं टाकून श्वास घ्यायची. तर लहान गावाचा क्लब पोलोचा झाला तो हौसेनं नाही, जे अंगात होतं त्याच्याशी जुळणारा खेळ तोच होता.

विहिरीत पोलोची मॅच मात्र होत नाही, हे उघड आहे. पुरुषांच्या मैदानाचं जुनं माप ३० बाय २० मीटर. आम्ही तलावावर नाहीतर नदीच्या डोहात खेळायचो, शिवरात्र होऊन पाण्याचा गारठा मोडला की चालू ते मृग लागेपर्यंत. पावसाळ्यात पाणी गढूळ आणि ओढ जबरदस्त, तेव्हा बंद. गोलचं माप ३ मीटर रुंद आणि पाण्यावर ९० सेंटीमीटर, ते आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं, दोन बांबू उभे बांधायचे, खाली केळीचे खुंट तरंगायला आणि दगड भरलेली गोणी दोरीनं तळाला सोडायची म्हणजे गोल वाहून जात नाही. टोप्या एकाच्या आईनं शिवलेल्या, जुन्या धोतराच्या पांढऱ्या, आणि दुसऱ्या बाजूला निळीत बुडवलेल्या, दोन मॅच झाल्या की दोन्ही सारख्याच दिसायच्या आणि मग आपल्याच माणसाला धरून बुडवायचं. चेंडू म्हणजे टाके घातलेला चामड्याचा फुटबॉल. अर्ध्या तासात तो पाणी पिऊन असा जड व्हायचा की गोलीच्या तोंडावर बसला तर दात हलायचा. खरं तर जगात ५० च्या दशकातच चामडं जाऊन रबरी चेंडू आला होता, आमच्याकडं तो यायला पुढं किती काळ गेला ते विचारूच नका. आणि नियमांचंही तसंच. फार जुन्या पद्धतीत शिट्टी वाजली की सगळ्यांनी आहे तिथं थांबायचं, फक्त फाउल मिळालेल्यानं चेंडू खेळायचा, हा नियम बाहेर कधीच गेला होता पण आमच्या वस्तादांनी तो असा काही धरून ठेवलेला की आम्ही बाहेर मॅचला गेलो तेव्हा शिट्टीला पुतळ्यासारखे थांबलो आणि समोरच्यांनी आरामात गोल मारला. त्या दिवशी परतीच्या एस्टीत कुणी कुणाशी बोललं नाही.

वस्ताद हा शब्द मुद्दाम वापरला. आपल्या भागात क्लब कसा चालवायचा याचा नमुना लोकांकडं एकच होता, तो म्हणजे तालीम. त्यामुळं सुरुवातीचे क्लब तालमीसारखेच चालायचे, एक वस्ताद, त्याचा शब्द शेवटचा, नवीन पोरानं पहिले काही दिवस नुसता चेंडू आणून द्यायचा, गोल बांधायचा. अध्यक्ष-सेक्रेटरी हे नंतर कागदासाठी आले, बहुतेक गावातला वकील नाहीतर तंबाखूचा व्यापारी, ज्यांना पोहताच यायचं नाही. स्मरणिकेत पहिले अध्यक्ष म्हणून फोटो त्यांचाच लागतो. लावा, त्यांनी पैसे दिलेत, पण वस्तादाचा फोटो नसेल तर निदान नाव तरी वर घ्या.

आता साल काढायचं कसं, तुमचा खरा प्रश्न. जुन्या माणसांना सालं आठवत नाहीत, त्यांना घटना आठवतात. त्यामुळं भूकंपाच्या आधी की नंतर असं विचारा, कोयनेचा भूकंप ११ डिसेंबर १९६७ चा, आपल्याकडची त्या पिढीतली माणसं ती पहाट विसरलेली नाहीत. दुष्काळात विहीर आटली होती तेव्हा तुम्ही खेळत होता का, हा बहात्तरचा दुष्काळ, मी स्वतः तेव्हा दहा-बारा वर्षांचा, आमच्या विहिरीचा तळ मी त्या वर्षी पहिल्यांदा बघितला. तळात तीन तांबे आणि एक घड्याळ सापडलं, ते जाऊ दे. निपाणीकडच्यांना तंबाखूचं आंदोलन विचारा, शरद जोशींनी हायवेवर बसवलेलं, ते १९८१. अशा दोन खुंट्यांच्या मधे आठवण अडकवली की दोन-तीन वर्षांपर्यंत साल जवळ येतं.

एका गफलतीपासून सावध राहा, ती मी दोनदा बघितलीय. कुणीतरी हमखास सांगतं की दिल्लीच्या एशियाडला भारतानं पोलोत मेडल मारलं म्हणून आम्हाला स्फूर्ती आली. तर दिल्लीत एशियाड दोनदा झालं, १९५१ आणि १९८२, आणि पोलोचं मेडल दोन्ही वेळा आलं, पहिल्यांदा सोनं, दुसऱ्यांदा ब्राँझ. एका स्मरणिकेत हे ५१ चं धरून क्लब तीस वर्षं म्हातारा करून टाकला होता. विचारायचं एवढंच, वाचलं की बघितलं? टीव्हीवर बघितलं म्हटलं की ८२, संपला विषय.

कागद मिळाले तर त्यांच्या मजकुरापेक्षा कोपरे आधी वाचा. १ नोव्हेंबर १९५६ ला बेळगाव जिल्हा मुंबई राज्यातनं म्हैसूर राज्यात गेला, तो दिवस आपल्याकडं कसा पाळला जातो ते सांगायला नको, आणि म्हैसूरचं नाव कर्नाटक झालं १ नोव्हेंबर १९७३ ला. म्हणजे सर्टिफिकेटवर म्हैसूर राज्य असेल तर ते या सतरा वर्षांतलं. पण लेटरहेडवर तेवढा विश्वास ठेवू नका, छापून घेतलेला गठ्ठा संपेपर्यंत लोक वापरायचे, नाव बदललं म्हणून कोण पैसे घालवतंय. पत्त्यात पिनकोड असेल तर १५ ऑगस्ट १९७२ च्या नंतरचं. हिशोबाच्या वहीत रुपये-आणे-पै असे तीन रकाने असतील तर बहुतेक १ एप्रिल १९५७ च्या आधीची किंवा लगेच नंतरची, कारण त्या दिवशी नवे पैसे आले. बोलण्यात चार आणे-आठ आणे तर अजूनही चालतात, त्यावरनं काही ठरवू नका, लिहिलेले रकाने बघा. आणि मॅचचा जुना स्कोअरशीट हाताला लागला तर सोनंच, मॅचचे चार डाव पाच-पाच मिनिटांचे असतील तर १९६१ ते ८१ मधला, सात मिनिटांचे असतील तर त्यानंतरचा २००५ पर्यंत, आठ मिनिटांचे म्हणजे हल्लीचा. गावठी मॅचला हा हिशोब लागू पडणार नाही, तिथं अंधार पडला की मॅच संपायची.

नोंदणीचं साल तर सगळ्यात कमी कामाचं. आपल्याकडं सोसायटी नोंदणीचा कायदा १९६० चा, तेव्हा त्याच्याखालची नोंदणी त्याच्या आधीची असूच शकत नाही, आणि लोक नोंदणी कधी करतात तर जागा मागायची असते किंवा अनुदान. म्हणजे क्लब चांगला दहा-पंधरा वर्षांचा होऊन त्याला काहीतरी पाहिजे झालं की तो कागदावर जन्मतो. वर नोंदणीचा कागद कन्नडमध्ये, आपली जुनी मंडळी मराठी शाळेतली, कुणी वाचलेलाच नसतो. एका ठिकाणी तर सही करणाऱ्या सातांपैकी दोघांची नावं उलटीसुलटी पडलेली, आडनाव आधी आणि बापाचं नाव गायब, आणि त्यावरनं दोन घरांत वाद की आमचा आजा संस्थापक की तुमचा. कन्नड चांगलं येणाऱ्याला बसवून मूळ कागद वाचून घ्या, तोंडी सांगितलेल्या भाषांतरावर जाऊ नका.

सीमेचा भाग टाळू नका बरं का, लोक टाळतात. आपल्या क्लबांची गंमत तीच आहे. राज्य स्पर्धेला नाव द्यायचं कर्नाटकातनं, म्हणजे रात्रभर प्रवास करून बंगळूर, आणि सरावाच्या मॅचला तासाभरावर कोल्हापूर. क्लबात निम्मी पोरं घरी मराठी, निम्मी कन्नड, पाण्यात सगळी मिसळलेली. आम्ही बंगळूरला गेलो की एकमेकांना मराठीत ओरडायचो, डावीकडं टाक, मागं बघ, समोरच्यांना काही कळायचं नाही. आणि कोल्हापूरच्या पोरांशी खेळताना कन्नड, हिडी, बिडो, इल्लि कोडो, म्हणजे धर, सोड, इकडं दे. आमच्या गोलीला कन्नडमधले एवढे तीनच शब्द यायचे आणि तेवढ्यावर त्यानं दहा वर्षं काढली. दोन्हीकडनं आम्ही परके, बंगळूरला मराठीवाले आणि कोल्हापूरला कर्नाटकवाले. एकदा एका स्पर्धेत आमची एन्ट्री घ्यायलाच तयार नव्हते, तुम्ही तिकडचे म्हणून, शेवटी आम्ही प्रदर्शनी सामना म्हणून उतरलो, जिंकलो आणि आमचा निकाल कुठंच लिहिला गेला नाही. असे न लिहिलेले निकाल तुमच्याकडंही असतील, ते विचारून घ्या.

क्लबला गावात इज्जत मिळाली ती मात्र मेडलमुळं नाही, विसर्जनामुळं. अनंत चतुर्दशीला तलावावर, नदीवर पोहणारी पोरं पाहिजेत म्हणून पहिल्यांदा पंचायतीनं नाहीतर नगरपालिकेनं बोलावलं की त्या दिवसापासून क्लब गावाच्या हिशोबात येतो. बुडालेल्याला काढायलाही हीच पोरं जायची, रात्री-अपरात्री, त्याची वही कुणी ठेवत नाही आणि ठेवूही नये. पण आभाराचं एखादं पत्र कुणाच्या घरी फ्रेम करून असतं. मी बघितलेल्या एका क्लबच्या फायलीत सगळ्यात जुना कागद म्हणजे असलंच पत्र होतं, त्यावर क्लबचं नाव नव्हतं, नुसतं 'पोहणारी मंडळी' असं लिहिलेलं.

टँक झाला आणि पोलो मेला, हे ऐकायला वाईट वाटेल. विहिरींवर वीजेच्या मोटारी बसल्या, शॉक लागायच्या भीतीनं मालक पोरांना हाकलायला लागले, पुढं बोअर पडल्या आणि विहिरींचं पाणीच खाली गेलं, तेव्हा टँक पाहिजेच होता. पण लहान गावाचा टँक २५ मीटरचा आणि एका बाजूला साडेतीन फूट, कारण लहान पोरं शिकवून तिकिटाचे पैसे निघतात. पोलोला कमीत कमी १.८ मीटर खोली सगळीकडं लागते. उथळ बाजूचा गोली सरळ उभा राहतो, मग कसला पोलो. आम्ही खोल अर्ध्यात आडवे गोल लावून खेळायचो, चार-चारजण, आणि हळूहळू तेही बंद पडलं. तुमच्या क्लबात पोलो टिकलाय असं तुम्ही म्हणताय, तर टँक बांधताना खोलीसाठी कुणीतरी भांडलेलं असणार, तो माणूस शोधा, तुमच्या इतिहासातला तो मोठा माणूस आहे.

आणि बायकांना विचारा. घाटावर धुणं धुता धुता पैलतीर गाठून येणाऱ्या बाया आमच्या लहानपणी होत्या, पण क्लबच्या कुठल्याच यादीत एकाही बाईचं नाव नाही. बायकांचा पोलो ऑलिंपिकमध्ये यायलाच २००० साल उजाडलं म्हणा. पण टोप्या शिवणारी ती आई आणि चेंडू ज्या घरी असायचा त्या घरची आजी, या दोघींना जेवढं आठवतं तेवढं सेक्रेटरीला आठवत नाही, कारण चेंडू हरवला की शिव्या त्यांनीच घातलेल्या.

शेवटचं, कामाचं. २००५ आणि २०१९ च्या पुरात नदीकाठच्या कितीतरी घरांतले कागद गेले, तेव्हा जे उरलंय ते बहुतेक माळ्यावर ट्रंकेत असेल आणि त्याला वाळवी लागलेली असेल. वर्गणीची वही सापडली तर घाईनं उघडू नका, पानं चिकटलेली असतात आणि कडेनं मोडतात. दोन दिवस सावलीत वाऱ्याला ठेवा, उन्हात नाही, मग एकेक पान उलटत मोबाईलनं फोटो काढत जा. पहिलं पान बहुतेक नसेलच. पण चेंडूला किती दिले आणि तो कुणी आणला हे आतल्या पानावर कुठंतरी असतंच.